स्वच्छ कारखानदारी आणि शासनाचे कर्तव्य

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्या बडोदे येथील मेळाव्यासाठी तयार केलेले भाषण)



बडोद्याच्या भूमीत उद्योगाला राजाश्रय मिळाला, ही गोष्ट नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण येथील तरुणांना मिळू लागले. त्याच परंपरेतून १९०७ साली प्राध्यापक गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या पुढाकाराने अलेंबिक हा रासायनिक कारखाना उभा राहिला. पण त्याच महाराजांनी शहरापासून काही कोसांवर आजव्याचा तलाव बांधवून १८९२च्या सुमारास बडोदेकरांना स्वच्छ पाणीही दिले. कारखाना हवा आणि पाणीही हवे. एकासाठी दुसऱ्याचा बळी देणे हे राज्यकर्त्याचे काम नव्हे, ही दृष्टी त्या दोन कार्यांत एकत्र दिसते.

स्वातंत्र्यानंतर या परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९६५ साली कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्यामागून खतांचे, पेट्रोरसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले; नंदेसरीसारख्या वसाहतींत शेकडो लहान कारखाने उभे राहिले. हजारो कुटुंबांच्या चुली त्यांवर पेटतात. त्याचबरोबर मिनी आणि मही या नद्यांच्या पाण्याचा, विहिरींचा व हवेचा प्रश्नही उभा राहिला. कारखाने बंद करावेत असे येथे बसलेल्यांपैकी कोणीही म्हणणार नाही. कारण गावातलीच मुले तेथे कामाला जातात. आणि विहिरीचे पाणी बिघडले तरी चालेल असेही कोणी म्हणणार नाही. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की, कारखानदाराने स्वच्छ मार्ग धरावा यासाठी शासनाने काय करावे?

प्रामाणिक माणसाची अडचण

या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. एकाच वसाहतीत रंग तयार करणारे दोन लहान कारखाने आहेत. पहिल्याचा मालक सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा रात्रंदिवस चालवतो. तिची वीज, रसायने, कामगार आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाट यांचा खर्च तो मालाच्या किमतीत धरतो. दुसरा मालक यंत्रणा बसवतो खरा, पण ती फक्त तपासणी अधिकारी येणार असेल त्या दिवशी चालवतो. बाजारात माल गेला की दुसऱ्याचा माल स्वस्त ठरतो आणि पहिल्याची गिऱ्हाइके एकेक करून तुटतात. अशा स्थितीत सचोटी हाच तोट्याचा धंदा होऊन बसतो.

दुसऱ्या मालकाचा जो खर्च वाचला तो नाहीसा झाला असे मात्र नाही. तो खर्च खाली राहणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर चढला. त्याच्या विहिरीचे पाणी तांबूस झाले, पीक जळाले, गाय आजारी पडली, पाणी दुरून आणावे लागले. त्याने कोणताही करार केला नव्हता, तरी हप्ते तोच भरतो आहे. म्हणून शासनाचे पहिले कर्तव्य हे की, ज्याचा खर्च त्याच्याच खात्यावर पडेल अशी व्यवस्था करणे. उपदेशाने हे साधत नाही. सज्जनाला तोटा आणि लबाडाला नफा, ही स्थिती उलटविल्याशिवाय कोणतीही योजना टिकत नाही.

कायद्याचे बळ आणि त्याची मर्यादा

या दिशेने पहिले साधन कायद्याचे. १९७४ साली संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्याच वर्षी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. १९८१ साली हवेसंबंधीचा कायदा आला. १९८४ सालच्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. मंडळाच्या संमतीवाचून प्रदूषणकारी कारखाना चालवता येत नाही. नियम मोडल्यास वीज व पाणी तोडण्याचा आणि कारखाना बंद करण्याचा अधिकारही शासनाला आहे.

परंतु अतिकठोर शस्त्र हाती असले की ते उगारण्यास हात धजत नाही, असा अनुभव आहे. १९८६च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. एवढी शिक्षा देण्यासाठी फौजदारी खटला चालवावा लागे, पुरावा निःसंशय असावा लागे, आणि वर्षे निघून जात. मध्यंतरी नाल्यातून पाणी वाहतच राही. म्हणून २०२३च्या जनविश्वास कायद्याने या तरतुदीत बदल केला आणि १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड निर्णायक अधिकाऱ्याने ठरवावा अशी व्यवस्था आली. यामुळे धाक कमी झाला असे काहींचे मत आहे. तथापि लहान पण निश्चित मिळणारी शिक्षा ही मोठ्या पण क्वचित मिळणाऱ्या शिक्षेपेक्षा अधिक परिणामकारक असते. हा दंड खरोखरच वेळेवर आकारला जातो की नाही, यावरच या बदलाचे मूल्यमापन व्हावयाचे आहे.

सरसकट बंदीचे काय होते, हे अहमदाबादकरांनी पाहिले आहे. नारोल, वटवा, ओढव, नरोडा या भागांतील कारखान्यांचे सांडपाणी खारीकट कालव्यातून व खारी नदीतून खेडा जिल्ह्यातील गावांपर्यंत पोहोचत होते. गावकरी न्यायालयात गेले. १९९५ साली गुजरात उच्च न्यायालयाने ७५६ कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि एका वर्षाच्या उलाढालीच्या एक टक्का रक्कम पीडित गावांच्या हितासाठी भरावयास सांगितली. वर्षानुवर्षे अशक्य म्हटली जाणारी शुद्धीकरणाची यंत्रणा त्यानंतर उभी राहू लागली, हे खरे. पण यंत्रे थांबली तेव्हा सर्वप्रथम रोजंदारीचा मजूर घरी बसला, हेही तितकेच खरे. म्हणजे शासनाने वेळीच न केलेल्या कामाची किंमत एकीकडे शेतकऱ्याने आणि दुसरीकडे मजुराने मोजली. अशी वेळ येऊ न देणे यातच शासनाची कसोटी आहे.

लहानांना एकत्र आणणे

दुसरे साधन साहाय्याचे. मोठा कारखाना स्वतःची शुद्धीकरण यंत्रणा उभारू शकतो. अर्ध्या एकरावर चालणाऱ्या लहान कारखान्याला ती जागाही नसते आणि भांडवलही नसते. म्हणून १९९१ साली केंद्र शासनाने सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी योजना आखली. खर्चाचा २५ टक्के वाटा केंद्राने, २५ टक्के राज्याने द्यावा आणि उरलेला कर्ज व कारखानदारांची वर्गणी यांतून यावा, अशी ती रचना होती. २०१२ साली केंद्राचा वाटा ५० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला. गुजरातमधील अनेक औद्योगिक वसाहतींत अशी केंद्रे उभी राहिली.

बडोद्याने याहून निराळा प्रयोग पूर्वीच केला होता. शहराच्या उत्तरेकडील कारखान्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी वाहून नेणारा सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा १९८३ साली कार्यान्वित झाला. तो पादरा व जंबुसर तालुक्यांतून जाऊन सारोदजवळ महीच्या मुखाशी खाडीला मिळतो. नदीत व ओढ्यांत थेट जाणारे पाणी त्यामुळे वळले, ही त्याची मोठी कामगिरी. पण काठच्या गावांतून विहिरींच्या पाण्याविषयी तक्रारीही वारंवार झाल्या. आणि पाण्याची ओढ असलेल्या काही शेतकऱ्यांनी कालव्याचेच पाणी शेताला घेतल्याचेही आढळले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, सामायिक व्यवस्थेत कोणी काय सोडले हे दाराशीच मोजले गेले पाहिजे. नाहीतर सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, अशी गत होते. दुसरा असा की, सांडपाणी दूर नेले म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. तो पुढच्या गावाच्या वेशीत जाऊन उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानेही २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर निर्णय देताना, कार्यक्षम शुद्धीकरण यंत्रणा नसलेला कोणताही कारखाना चालू देऊ नये, असे सर्व राज्यांना बजावले.

मोजणाऱ्याचा पगार कोण देतो?

तिसरे साधन विश्वसनीय मोजणीचे, आणि या राज्याने त्यात देशाला उपयोगी पडेल असा धडा दिला आहे. उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १९९६ पासून गुजरातमध्ये ठरावीक कारखान्यांनी दरवर्षी त्रयस्थ तपासनिसाकडून पर्यावरण लेखापरीक्षण करून घ्यावे, असा नियम आहे. हेतू उत्तम होता. पण तपासनिसाची निवड कारखानदारच करी आणि त्याचे शुल्कही तोच देई. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध लिहिणार कोण?

२००९ ते २०११ या काळात अहमदाबाद व सुरत येथील ४७३ कारखान्यांत एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी मंडळाच्या सहकार्याने याची परीक्षा घेतली. जुन्या पद्धतीच्या अहवालांत धुरातील धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के दिसत होते. स्वतंत्रपणे मोजले तेव्हा ते ५९ टक्के निघाले. अहवालांतील आकडे मर्यादेच्या किंचित खाली नेमके येऊन थांबत. मग निम्म्या कारखान्यांबाबत पद्धत बदलली. तपासनीस चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमला गेला. त्याचे शुल्क मध्यवर्ती निधीतून ठरल्या दराने दिले गेले. त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याने पुन्हा तपासल्या. आणि पुढे बिनचूकपणाबद्दल त्याला अधिक मोबदला ठेवला. खोटे अनुकूल अहवाल सुमारे ८० टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. २०१५ साली मंडळाने लेखापरीक्षणाच्या नियमांत या धर्तीवर सुधारणा केली.

येथे नवा कायदा झाला नव्हता, शिक्षा वाढली नव्हती, अनुदानही दिले नव्हते. केवळ मोजणाऱ्याला सत्य लिहिण्याची मोकळीक मिळाली. शाळेतील शिक्षकांना हे लगेच पटेल. परीक्षार्थीनेच परीक्षक निवडला आणि त्याचे मानधनही दिले, तर निकाल काय लागेल ते सांगावयास नको.

सुरतेचा बाजार

चौथे साधन किमतीचे. सुरतेच्या कापड व रंगकाम गिरण्यांचे बॉयलर कोळसा व लिग्नाइट जाळतात. त्यांच्या धुरातील बारीक कण शहराच्या फुप्फुसांत जातात. चिमणीतून येणाऱ्या धुराचे प्रमाण प्रत्येकाला सारखे घालून देणे ही जुनी रीत होती. तीत किती तास बॉयलर चालला आणि एकूण किती धूळ हवेत गेली, याचा हिशोब राहत नसे.

२०१९ साली गुजरात शासनाने सुरतेत नवीन योजना सुरू केली. कणरूप प्रदूषणासाठी असा बाजार जगात प्रथमच भरला. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसविण्यात आली. सर्व सहभागी कारखान्यांनी मिळून महिन्याला किती धूळ सोडावी याची एकूण मर्यादा ठरली. तेवढ्याच किलोंचे परवाने काढले. त्यांतील बहुतेक विनामूल्य वाटले, उरलेले लिलावात विकले. ज्याने आपली धूळ कमी केली त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याला कमी पडतील त्याने विकत घ्यावेत. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली आणि १०० रुपयांच्या वर जाऊ नये अशी सीमा घातली. परवान्यांहून अधिक धूळ सोडणाऱ्याच्या आगाऊ ठेवलेल्या अनामतीतून चढ्या दराने भरपाई वळती करण्याची सोय केली.

याचा लाभ कसा होतो? समजा, एका गिरणीला एक किलो धूळ अडवावयास २० रुपये पडतात, दुसरीला ८० रुपये. दोघींना सारखाच हुकूम केला तर एकूण खर्च १०० रुपये. पहिलीनेच दोन किलो अडविली आणि एक परवाना दुसरीला ५० रुपयांस विकला, तर एकूण खर्च ४० रुपये. हवा तेवढीच स्वच्छ झाली, आणि दोघींचीही बचत झाली. पहिल्या गिरणीच्या मालकाला चांगला गाळणी-संच बसविण्यात प्रथमच नफा दिसला.

सुमारे ३०० कारखान्यांच्या अभ्यासात असे आढळले की, बाजारात सहभागी झालेल्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. आणि ९९ टक्के वेळा कारखान्यांनी आपल्या धुराइतके परवाने जमेस दाखविले. पुढे ही योजना अहमदाबादलाही नेण्यात आली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मोजमाप खरे नसेल तर असा बाजार म्हणजे खोट्या नाण्यांचा व्यवहार ठरेल. तिसऱ्या साधनावाचून चौथे साधन पांगळे आहे.

ऊर्जेच्या बाबतीतही केंद्र शासनाने हाच मार्ग धरला. २०१२ साली सुरू झालेल्या योजनेच्या पहिल्या फेरीत आठ उद्योगांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य दिले गेले. लक्ष्य सुमारे ६७ लाख टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेचे होते, प्रत्यक्षात बचत सुमारे ८७ लाख टनांची झाली. अधिक बचत करणाऱ्यास विकण्याजोगे प्रमाणपत्र मिळाले.

पाण्याचा फेरवापर आणि शासनाची खरेदी

पाचवे साधन पुरवठादार व गिऱ्हाईक म्हणून शासनाच्या हाती असलेल्या बळाचे. सुरत महापालिकेने शहराचे मैलापाणी तीन टप्प्यांत शुद्ध करून २०१४ पासून पांडेसरा येथील उद्योगांना देण्यास सुरुवात केली. त्या केंद्राची क्षमता रोजची ४ कोटी लिटर आहे. गिरण्यांना खात्रीचे पाणी मिळाले आणि तेवढे ताजे पाणी नागरिकांसाठी राहिले. २०१८ साली राज्य शासनाने शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या फेरवापराचे धोरणच जाहीर केले.

लहान उद्योगांसाठी केंद्राची ‘झेड’ प्रमाणपत्राची योजना आहे. मालात दोष नको आणि पर्यावरणावर दुष्परिणाम नको, हा तिचा आशय. २०२२ च्या सुधारित योजनेनुसार प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगास ८० टक्के, लघु उद्योगास ६० टक्के आणि मध्यम उद्योगास ५० टक्के सवलत मिळते. परंतु अशा प्रमाणपत्राला खरी किंमत तेव्हा येईल, जेव्हा सरकारी खरेदीच्या निविदांत त्याची दखल घेतली जाईल. शाळेची बाके, इस्पितळाच्या चादरी, कचेरीचा कागद हे सारे कोणत्या कारखान्यातून येते, ते कसे तयार झाले, हे शासनाने विचारले तर बाजारही विचारू लागेल.

गावकऱ्यांचा वाटा

शेवटचे साधन लोकांच्या माहितीचे, आणि ते येथे जमलेल्यांच्या हातात आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली चिमणीतील धुरावरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. इंडोनेशियाने १९९५ पासून सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग देऊन हेच केले. काळा रंग वर्तमानपत्रात छापून आला की, दंडाला न जुमानणारा मालकही अस्वस्थ होतो. समाजातील पत ही देखील एक मालमत्ता आहे.

२००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अनेक प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांना मंजुरी मिळण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध व्हावी लागते, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. पण सुनावणीच्या दिवशी मंडप भरतो आणि गोषवारा मात्र कोणी उघडलेला नसतो, असे होऊ नये. तलाट्यांनी तो चावडीवर वाचून दाखवावा. शिक्षकांनी त्यातील आकड्यांचा अर्थ ग्रामसभेत समजावून द्यावा: रोज किती पाणी लागणार, किती सांडपाणी निघणार, ते कोठे जाणार, गाळाचे काय होणार. हे चार प्रश्न विचारणारे गाव सहसा फसत नाही.

शाळांनी आणखी एक काम हाती घेता येईल. गावातील विहिरींच्या पाण्याचा रंग, वास आणि साध्या उपकरणाने मोजता येणारी आम्लता यांची दर महिन्याला वहीत नोंद ठेवावी. ती नोंद प्रयोगशाळेच्या दाखल्याची जागा घेणार नाही. तरीही पाणी केव्हा बिघडू लागले, हे सांगणारी तारखेसह वही गावापाशी असली, तर मंडळाच्या अधिकाऱ्याला नमुना कोठे व केव्हा घ्यावा हे कळते, आणि तक्रार ‘असे वाटते’ यावरून ‘असे दिसते’ यावर येते.

अधिकारीवर्गानेही ध्यानात घ्यावे की, तक्रार करणारा गावकरी हा शासनाचा विनावेतन निरीक्षक आहे. त्याला पोच मिळाली, नमुना घेतल्याचे कळले आणि निकालाची प्रत हाती आली, तर तो पुढच्या वेळीही येईल. उत्तरच न मिळाल्यास तो एकतर गप्प बसेल, नाहीतर रस्त्यावर उतरेल. दोन्ही गोष्टी शासनाला परवडणाऱ्या नाहीत.

तेव्हा मित्रहो, सूत्र एवढेच आहे. खरे मोजावे, जे मोजले ते लोकांपुढे ठेवावे, लहानाला हात द्यावा, जो स्वच्छ चालवील त्याला बाजारात फायदा दिसू द्यावा, आणि जो चालवणार नाही त्याला उशीर न लावता दंड करावा. ही पाचही कामे शासनाची आहेत, आणि त्यांतील एकही काम गावाच्या साथीवाचून पुरे होत नाही. पुढील महिन्यापासून ज्या ग्रामपंचायती विहिरींच्या नोंदी ठेवण्यास तयार असतील, त्यांनी आपली नावे मामलतदार कचेरीत द्यावीत, अशी विनंती आहे.